काळी दोन

रत्नागिरीत माझं पेटीदुरुस्तीचं छोटं दुकान आहे. भजनी मंडळांच्या पेट्या येतात, शाळांच्या येतात, दशावतारी पार्टीची पायपेटीही अधूनमधून येते. ऑर्गन मात्र वर्षाकाठी एखादा. त्यामुळे राजापूरकडच्या एका गावातून देवस्थान कमिटीचा फोन आला, "मेस्त्री, आमचा ऑर्गन बघून जाता काय? फुकट गेला असं वाटतंय," तेव्हा दुसऱ्याच दिवशी निघालो.

देवळाच्या माडीवर तो उभा होता. वर सतरंजी, खाली प्लास्टिक, वरून सुतळीचे आठ-दहा फेरे. "जपून ठेवलाय अगदी. अकरा वर्षं कुणाला हात लावू दिलेला नाही," खजिनदार अभिमानाने म्हणाले. सुतळी सोडली तशी बुरशी आणि उंदीर यांचा एकत्र वास आला. कोकणातल्या पावसात लाकडी वाद्य प्लास्टिकमध्ये बांधायचं म्हणजे ओल्या फडक्यात पापड बांधून ठेवायचे. रोज कुणी अर्धा तास बडवला असता तरी त्याची एवढी दशा झाली नसती. पण पहिल्याच भेटीत हे कुठे बोलणार? मान हलवली झालं.

पाटीवर एस्टी कंपनीचं नाव होतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबरो नावाचं गाव आहे, तिथला हा कारखाना. पाच लाखांवर ऑर्गन बनवले त्यांनी, तिकडच्या घरांत आणि चर्चमध्ये प्रार्थना म्हणायला. त्यातले काही बोटीने इकडे आले आणि आमच्या संगीत नाटकवाल्यांनी त्यांच्यावर यमन, भीमपलास वाजवून घेतला. 1880 साली किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि पुढची पन्नासएक वर्षं नाटक कंपन्यांचा जमाना होता. 1932 मध्ये मराठी बोलपट आला आणि बिऱ्हाडं मोडायला लागली. अशाच एका मोडलेल्या कंपनीच्या लिलावात या गावाने हा उचलला, असं गावात सांगतात. खरंखोटं देवळातल्या देवाला ठाऊक.

पेटी आणि ऑर्गन यांत एक मोठा फरक आहे, तो सांगायला हवा, कारण पुढे त्यानेच आमची अब्रू वाचवली. पेटीचा भाता वारा बाहेर ढकलतो. या अमेरिकन ऑर्गनचा भाता वारा आत ओढतो. पट्टी दाबली की झडप उघडते, बाहेरची हवा रीडमधून, म्हणजे पितळेच्या पातळ जिभेवरून, आत खेचली जाते आणि सूर निघतो. म्हणून तो आवाज अंगावर येत नाही, खोलीत पसरतो. गाणाऱ्याच्या गळ्यामागे उभा राहतो म्हणा ना.

मागची फळी काढली. भात्याचं रबरी कापड पापडासारखं तडकलेलं. उंदरांनी फेल्ट नेऊन कोपऱ्यात घर केलेलं. सात रीडच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीची घरटी बांधलेली. आधी कुणीतरी 'दुरुस्ती' करताना सरसाऐवजी पांढरा गोंद वापरला होता, त्याने चामडं दगडासारखं झालेलं. (सरस ऊन पाण्याने सुटतो, म्हणूनच तो वापरायचा. पुढच्या मेस्त्रीला शिव्या द्यायची वेळ येऊ नये.) 61 पट्ट्या, रीडच्या दोन ओळी, एकूण 122 रीड. एकेक आकडीने ओढून काढला, कळकलेलं पितळ साफ केलं, सूर जुळवले. टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. जरा हात जड पडला की रीड संपला. पाच आठवडे गेले यात.

मग मोटरीचा वाद निघाला. गावचे ऑर्गनवादक अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, पेडल मारायला डॉक्टरांची मनाई. कमिटी म्हणाली, भात्याला मोटर बसवा. मी नको म्हटलं. मोटर गाणं ऐकत नाही. पद हळू झालं की पाय हळू होतो, तान आली की पाय जोर धरतो, निम्मं वादन तिथेच असतं. अण्णांच्या नातवाने तोडगा काढला. तो नववीतला. खाली जमिनीवर बसला, दोन्ही हातांनी पेडल दाबायला लागला आणि वर बघून म्हणाला, "आजोबा, वाजवा."

त्रिपुरी पौर्णिमेला कार्यक्रम ठरला. दीपमाळ पेटली, सगळं गाव आणि मुंबईहून आलेले चाकरमानी मांडवात बसले. नांदी झाली. अण्णांची बोटं, नातवाचे हात. मी मागे खुर्ची टाकून बसलो होतो, कापूस, आकडी, पक्कड खिशात.

साडेदहाला दव पडायला लागलं आणि उघड्या मांडवात लाकूड फुगलं. काळी दोनची, म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी खाली गेली ती वर येईना. सूर चालूच राहिला. माझ्या पोटात गोळा. पण गाणारे बुवा काळी दोनमध्येच गात होते, म्हणजे तोच त्यांचा सा! लोकांना वाटलं मुद्दाम षड्ज धरलाय. अण्णांनी मागे वळून मला डोळा मारला.

नंतर बाई गायला बसल्या. त्यांचा स्वर काळी चार. काळी दोन म्हणजे त्यांचा पंचम. तोही चालून गेला. दोन पदं झाली आणि निवेदकाने सांगितलं, आता मालकंस. मालकंसात पंचम औषधालाही चालत नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मला देणगीदारांच्या सत्काराचा आनंद झाला. नारळ-शाली सुरू झाल्या तसा मी मागची फळी काढून बसलो. अण्णांना खुणेने पुढच्या ओळीचे खटके बंद करायला लावले, तशी ती ओळ गप्प झाली. मागच्या ओळीतला रीड मलाच शोधायचा होता. मागून पाहिलं की डावं-उजवं उलटं होतं, अंधार तर होताच. म्हटलं, वाराच दाखवील. नातवाला सांगितलं, हलकेच दाब. एकच झडप उघडी, म्हणजे एकाच भोकातून हवा आत जाणार. खजिनदार शेजारी पावती पुस्तक घेऊन बसले होते. त्यातली एक पावती फाडली आणि भोकांवरून फिरवत नेली. वर देणगीदार भाषण करत होते, त्यांच्या प्रत्येक वाक्याला मागून काळी दोनचा बारीक सूर. मधेच फट्कन कागद एका भोकाला चिकटला आणि सूर थांबला. ना गोंद, ना खिळा. भाताच त्याला धरून होता, तो ओढत राहील तोवर कागद हलणार नव्हता.

मालकंस झाला. आवाज एका ओळीचा, जरा बारीक, पण सुरेल. भैरवीला पंचम लागला तेव्हा अण्णांनी तो वरच्या सप्तकातला घेतला. बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ तिथूनच उचलली.

सकाळी मांडवात ऊन आलं. मी हत्यारं घेऊन बसलो, पाहतो तर काळी दोन आपोआप वर आलेली, मऊ, मोकळी. रात्री भाता थांबला तशी पावती सुटून तळाशी पडली होती. ती मी खजिनदारांना परत दिली. त्यांनी ती झटकली, घडी उलगडली आणि पुस्तकात तिच्या जागी टाचणीने लावली. म्हणाले, "हिशेबाला लागते हो."