वेठ आणि वधस्तंभ

माझ्या माहेरी आणि सासरी एकाच वस्तूला दोन वेगळे शब्द आहेत. नगर जिल्ह्यातल्या आमच्या घरी, जिथे पणजोबांच्या पिढीत अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेच्या माणसांकडून सुवार्ता पोहोचली, तिथे ‘वधस्तंभ’ म्हणतात, कारण आमच्या पवित्र शास्त्रात तोच शब्द छापलेला आहे. लग्न होऊन वसईत आले तेव्हा लक्षात आले की इथल्या कॅथलिक घरांत हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. इथे तो ‘क्रूस’ आहे. पोर्तुगिजांच्या काळात आलेला, पुढे 1739 मध्ये वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी घेतल्यानंतरही लोकांच्या जिभेवर राहिलेला. आमच्या गावाच्या तोंडाशी चुन्याने रंगवलेला क्रूस आहे. मे महिन्यात त्याला झेंडूच्या माळा चढतात, तिन्हीसांजेला बायका आणि मुले त्याच्यापुढे बसून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, आणि प्रार्थना संपली की हातावर उकडलेले चणे पडतात. ‘क्रूस’ म्हटले की माझ्या मुलांना आधी ते चणे आठवतात, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

तरीही मनातून मी माहेरच्या शब्दाला धरून आहे. क्रूस हे एका आकाराचे नाव आहे. वधस्तंभ हे त्या आकाराने केलेल्या कामाचे नाव आहे. त्यात ‘वध’ आहे, म्हणजे कोणीतरी मारणारा आहे, हुकूम देणारा आहे, आणि तो खांब उभा करून ठेवणारे राज्य आहे. हे विसरले की क्रूस म्हणजे नशिबात लिहिलेले दुःख, एवढाच अर्थ उरतो. माझ्या मते आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये या शब्दाची सर्वांत मोठी हानी त्या अर्थाने केली आहे, आणि आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

रोमी राज्यात ही शिक्षा प्रामुख्याने गुलामांना, बंडखोरांना आणि ज्यांना वाली नाही अशांना होत असे. रोमचा नागरिक सहसा तिच्यातून सुटत असे. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली गुलामांनी केलेले बंड इसवी सनापूर्वी 71 मध्ये मोडून काढल्यावर क्रासस या सेनापतीने कापुआपासून रोमपर्यंतच्या हमरस्त्याच्या कडेला 6000 माणसे खांबांवर चढवली. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. सिसेरो या रोमी वक्त्याने तर एका खटल्यातल्या भाषणात म्हटले होते की क्रूस हा शब्दसुद्धा रोमी नागरिकाच्या डोळ्यांपासून, कानांपासून आणि विचारांपासून दूर असावा. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर 1857 मध्ये भिंतीवर खरडलेले एक चित्र सापडले. त्यात गाढवाचे डोके असलेला एक माणूस क्रुसावर आहे, त्याच्यासमोर हात वर केलेला दुसरा माणूस उभा आहे, आणि खाली ग्रीक अक्षरांत लिहिले आहे की अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो. एका विश्वासणाऱ्याची ही टवाळी क्रुसाच्या आपल्यापर्यंत आलेल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक आहे. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिले की क्रुसावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि इतरांना मूर्खपणा वाटतो, तेव्हा तो अलंकारिक बोलत नव्हता. रस्त्यावर जे कानी पडत होते तेच तो लिहीत होता.

पंडिता रमाबाईंनाही क्रुसावरच्या शब्दांचा प्रश्न पडला होता. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालण्यावरून त्यांचा तिथल्या मठातल्या भगिनींशी वाद झाला. मला लॅटिन कळत नाही, माझ्या देशभगिनींना कळत नाही. क्रूस घालायचाच झाला तर त्यावर संस्कृत शब्द असावेत, असे त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिले. ज्या बाईने दुष्काळात आईवडील गमावले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गमावला, तिला क्रूस म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नव्हती. पण जो गळ्यात घालायचा तो आपल्याला कळणाऱ्या भाषेत असला पाहिजे, यावर त्या अडून बसल्या. पुढे केडगावला शेकडो दुष्काळग्रस्त मुलींना आसरा देता देता त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. मला ही दोन कामे एकमेकींपासून वेगळी काढता येत नाहीत.

आता मावशीबद्दल. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मावशीचा नवरा दारू पिऊन तिला मारत असे, आणि हे मंडळीत सर्वांना ठाऊक होते, कारण रविवारी उपासनेला येताना ती पदर कपाळापर्यंत ओढून घेई. एका रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने तिला बाजूला घेऊन समजावले की बाई, प्रत्येकाला आपापला वधस्तंभ असतो, हा तुझा आहे, तक्रार न करता वाहून ने, प्रभू प्रतिफळ देईल. त्यांचा स्वर मायेचा होता, आणि मला वाटते त्यांना स्वतःला ते मनापासून पटलेलेही असावे. मावशीने मान हलवली. आई शेजारी उभी होती, तीही काही बोलली नाही. घरी आल्यावर मात्र भाकरीचे पीठ मळता मळता, कोणाकडेही न पाहता, आई म्हणाली, “त्याला वधस्तंभ नाही म्हणत. त्याला वेठ म्हणतात.”

आईचे हे वाक्य समजायला मला पुढची वीस वर्षे लागली. वेठ हा शब्द आमच्या घरात पुस्तकातून आलेला नव्हता. आईचे आजोबा महारकीची, म्हणजे महार वतनामुळे वंशपरंपरेने गळ्यात पडणारी गावाची कामे केलेले. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचवायचे, आणि नाही म्हणण्याची सोय नाही. या वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. ते वतन कायद्याने संपायला पुढे आणखी तीस वर्षे गेली. नगरकडची आम्ही बहुतेक ख्रिस्ती माणसे ज्या वाड्यांमधून आलो, तिथे ओझे वाहणे हा काही धर्मोपदेशातला दाखला नव्हता. त्यामुळे लादलेले ओझे कोणते आणि उचललेले ओझे कोणते, यातला फरक आईला कोणी समजावून द्यावा लागला नाही.

शुभवर्तमान, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची येशूची चरित्रे, वाचताना हा फरक जागोजागी दिसतो. लूकच्या नवव्या अध्यायात येशू म्हणतो की ज्याला माझ्यामागे यायचे आहे त्याने स्वतःचा वधस्तंभ दररोज उचलावा. ‘दररोज’ हा शब्द एकटा लूक देतो, आणि त्याच्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. पण ‘उचलावा’ या क्रियापदाकडे आपण पुरेसे पाहत नाही. उचलणे हे करणाऱ्याचे काम आहे. त्याच्या आधी ‘ज्याला यायचे आहे’ अशी अटही आहे. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या प्राणाविषयी म्हणतो की तो माझ्यापासून कोणी घेत नाही, मी होऊन तो देतो. आणि जो असे म्हणतो त्यानेच त्यापूर्वी अनेकदा मार चुकवला आहे. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात लोकांनी दगड उचलले तेव्हा तो लपला आणि बाहेर पडला. जो येईल तो मार सोसणे म्हणजे क्रूस, असे असते तर त्याने नासरेथच्या कड्यावरच थांबायला हवे होते. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेतसुद्धा त्याने आधी हा दुःखाचा प्याला टळावा अशीच देवाला विनंती केली. दुःख स्वतः पवित्र आहे असे मानणारा माणूस अशी प्रार्थना करत नाही.

मग तो क्रुसावर का गेला? कारण ज्यांच्यासोबत तो जेवत होता, ज्यांना तो शिवत होता, ज्यांची पापे क्षमा झाली असे तो सांगत होता, त्यांना सोडल्याशिवाय त्याला परत फिरता येत नव्हते. मला क्रुसाचा अर्थ इथे सापडतो: प्रीती सोडली असती तर जे टळले असते, ते प्रीती न सोडल्यामुळे ज्याच्या वाट्याला आले, त्याचा तो क्रूस. आजार हा आपोआप क्रूस होत नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस रात्री तीनदा बदलणे हा होऊ शकतो. नवऱ्याचा मार हा क्रूस नाही. ते दुसऱ्याचे पाप आहे, आणि त्याला पवित्र नाव देणे हे आणखी एक पाप आहे. मी हे पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

या सगळ्या कथेत वेठ खरोखर एकालाच पडली, ती कुरेनेच्या शिमोनाला. तो शेतावरून गावात येत होता. शिपायांनी त्याला धरले आणि येशूचा वधस्तंभ त्याच्या खांद्यावर दिला. मत्तयाने इथे जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, तेच डोंगरावरच्या प्रवचनात आधी येऊन गेले आहे: कोणी तुला एक कोस वेठीस धरले तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. आपल्या भाषांतरकारांनी त्याला ‘वेठ’ हा शब्द योजला, हे त्यांचे मोठे उपकार आहेत. शिमोनाने ते ओझे निवडले नव्हते, आणि ते त्याचे स्वतःचे नव्हते. तरीही मार्क त्याची ओळख आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप अशी करून देतो. ही मुले वाचकांच्या ओळखीची असल्याशिवाय असे कोणी लिहीत नाही. म्हणजे त्या दुपारनंतर त्या घरात काहीतरी घडले असले पाहिजे. मात्र ज्या शिपायांनी त्याला वेठीस धरले त्यांचे त्यामुळे काही समर्थन होत नाही, आणि शुभवर्तमान ते करतही नाही.

वसईत मी पहिल्यांदा क्रुसाची वाट चालले ते लग्नानंतरच्या पहिल्या पवित्र शुक्रवारी. माहेरी या दिवशी बारा ते तीन बसून प्रभूचे क्रुसावरचे सात उद्गार ऐकायची सवय. इथे रस्त्यावर येशूच्या शेवटच्या वाटचालीतले प्रसंग आठवत थांबायची चौदा स्थाने, आणि पुढे सागाच्या दोन जाड वाशांचा क्रूस. गावातले पुरुष आळीपाळीने तो खांद्यावर घेतात. माझ्या नवऱ्याने टॉवेलची घडी खांद्यावर ठेवून तो घेतला, आणि मी कडेने चालले. भार सगळा जोडापाशी असतो. मागचे टोक डांबरावर घासत जाते, आणि घासण्याचा तो आवाज प्रार्थनेच्या मधल्या शांततेत मोठा होतो. पाचव्या स्थानाशी, जिथे शिमोनाचे नाव येते, एक म्हातारे काका रांगेतून पुढे आले आणि त्यांनी मागचे टोक उचलले. आवाज थांबला. पण मग दोघांना पाऊल जुळवून चालावे लागले, आणि मिरवणुकीची गती काकांच्या गुडघ्यांएवढी झाली. कोणीही घाई केली नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसवंदन होते. घंटा गुरुवारपासूनच मुक्या असतात, त्यांच्या जागी लाकडावर लाकूड वाजवतात. सासूबाई रांगेत माझ्यापुढे होत्या. आमच्याकडचा क्रूस रिकामा असतो, कारण प्रभू उठला आहे; इथल्या क्रुसावर त्याचे शरीर आहे, आणि लोक त्याच्या पायांचे चुंबन घेतात. माझे पाय अडखळले. सासूबाईंनी मागे वळून पाहिले, आणि काही न सांगता त्या वाकल्या, खिळ्यावर ओठ टेकले, आणि बाजूला झाल्या. मला 1968 मध्ये जेरुसलेमजवळ एका कबरीत सापडलेल्या टाचेच्या हाडाचे छायाचित्र आठवले. येशूच्याच काळात क्रुसावर मारलेल्या एका माणसाचे ते हाड, आरपार गेलेल्या, सुमारे साडेअकरा सेंटीमीटर लांबीच्या खिळ्यासह. खिळ्याचे टोक वाकले होते. पुरणाऱ्यांनी तो तसाच राहू दिला होता. मी वाकले.

मावशीचे शेवटी असे झाले. त्या रविवारनंतर महिनाभराने, नवरा कामावर गेलेला असताना, आई मला घेऊन तिच्या घरी गेली. मावशीने कपडे, दोन पातेली आणि पवित्र शास्त्र पत्र्याच्या ट्रंकेत भरले. रिक्षा मिळण्यासारखे ते गाव नव्हते, आणि एसटीचा थांबा दीड किलोमीटरवर होता. ट्रंकेच्या एका बाजूची कडी आईने धरली, दुसऱ्या बाजूची मी. मावशी मधे धरायला आली तर आईने तिला येऊ दिले नाही. तू नुसती चाल, म्हणाली. कडीचा वळ माझ्या बोटांवर दुसऱ्या दिवसापर्यंत होता. वाटेत मंडळीतली दोन-तीन घरे लागली. दारात माणसे उभी होती. शेवटच्या घरातून एक बाई बाहेर आली, तिने माझ्या हातातली कडी घेतली, आणि थांब्यापर्यंत आईच्या पावलाला पाऊल लावून आली.