आमचे खोबरेल सर

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं तेव्हा मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, माझ्या कारखान्याच्या शेडमध्येच होतो. स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा, विषय तुम्हीच ठरवा, असं त्यात होतं. विषय ठरवायला मला हातातला चहा संपेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. बाकीच्या सगळ्या शिक्षकांची आधीच माफी मागतो. गणिताच्या बाईंनी मला आकडे शिकवले, पीटीच्या सरांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, सगळं मान्य. पण पानं दोनच आहेत आणि ती भूगोलाच्या सरांना लागणार.

सरांचं खरं नाव आमच्या बॅचमधल्या निम्म्यांना पटकन आठवणार नाही. 'खोबरेल सर' म्हटलं की मात्र साठी ओलांडलेले गृहस्थही गालात हसतात. पहिल्या तासाला सर वर्गात शिरले की कापूर घातलेल्या खोबरेलाचा वास यायचा. गंमत अशी, की सरांच्या स्वतःच्या डोक्यावर तेल लावण्याजोगं फारसं काही उरलेलं नव्हतं. हात धुऊनच येत असणार, पण तेल नखांत आणि अंगठ्याच्या पेरात राहायचंच. जिन्याखालच्या कपाटातला महाराष्ट्राचा तो गुंडाळीचा नकाशा आठवतो ना? त्यात नाशिक जिल्हा तेवढा तेलकट होता, कारण सरांची सुरुवात कायम इथूनच. त्र्यंबकवर अंगठा टेकवून म्हणायचे, "इथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर. आणि आपली गंगा काय करते? त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. का?" पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, पठाराचा उतार पूर्वेकडे. हे उत्तर मी आजही झोपेतून उठवलं तरी देईन. (पेपरात गंगा लिहिलं तर मार्क कापीन, गोदावरीच लिहायचं, अशी ताकीद ते दरवर्षी द्यायचे आणि स्वतः मात्र दर वाक्याला गंगाच म्हणायचे.)

मी आठवीत होतो. त्या दिवशी शाळेची तपासणी होती आणि नकाशांच्या कपाटाची किल्ली सरांकडे राहिली होती. हेडसरांनी मला सकाळी सकाळीच सरांच्या घरी पिटाळलं. सर तिवंध्यात राहायचे, रहाडीवरून, म्हणजे रंगपंचमीच्या त्या जुन्या हौदावरून, पुढे गेलं की डाव्या हाताचा वाडा. दार उघडंच होतं. आत काकू पाटावर बसलेल्या आणि त्यांच्या मागे स्टुलावर आमचे सर. दातांत दोन आकडे धरलेले, मांडीवर तेलाची वाटी, आणि हातात काकूंची अर्धी झालेली वेणी.

माझे पाय उंबऱ्यातच थबकले. सरांना काहीच वाटलं नाही. आकडे काढून म्हणाले, "किल्ली खुंटीला आहे बघ. थांब जरा, एवढं होऊ दे, बरोबरच निघू." काकूंनी उजव्या हाताची बोटं पदराखाली घेतली. तरी मला दिसलीच, सांध्यांत फुगून वाकडी झालेली. त्यांना संधिवात होता आणि हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच कळलं, की मोठा बाप्या बायकोची वेणी घालतो. आमच्या घरी वडिलांनी आईच्या हातातली भाजीची पिशवी धरलेली मी पाहिली नव्हती.

निघताना काकूंनी माझ्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली. ती खातखातच मी सरांच्या बरोबर शाळेत आलो, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ही बातमी आठवीच्या तिन्ही तुकड्यांत पोचवली. सांगणारा मीच. इतकी वर्षं हे कुठे बोललो नाही, आता छापूनच टाका.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूने लांबलचक वेणी काढलेली होती, खाली गोंडा, आणि गोंड्याला लोंबकळणारा टकलू माणूस. सर आले. वास आला. मागच्या बाकावरून कोणीतरी खिंकाळलं. सरांनी डस्टर उचललंच नाही. चित्राकडे अगदी परीक्षकासारखं बघत म्हणाले, "चुकलंय. दोन पदरांची वेणी होत नसते रे. दोनांचा नुसता पीळ होतो, हात काढला की सुटतो." मग खडू घेऊन त्यांनी त्या चित्रात तिसरा पदर भरला, वरून खाली, पेडावर पेड टाकत. आणि तीन पदरांच्या टोकांना नावं लिहिली. गोदावरी. वरुणा. अरुणा.

"रामकुंडाशी या तिघी मिळतात, असं आजीनं सांगितलंय ना? वाघाडीच्या पुलावरून जाताना नाक धरता तुम्ही, ती वरुणा. आणि अरुणा कुठाय?" सगळे गप्प. "दिसत नाही. पण मोजताना सोडायची नाही तिला."

तो तास नदीप्रणालीवर झाला. चित्र कोणी काढलं, बातमी कोणी आणली, यातलं सरांनी काही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मी तासभर बाकावर कोरलेली नावं वाचत बसलो होतो.

सर शिक्षक म्हणून मोठे होतेच. पण मी त्यांच्याकडून जे काय घेतलं ते भूगोलाच्या तासाबाहेरचं जास्त. त्यांच्या लेकीला मुंबईत नोकरी लागली आणि ती रोज पंचवटी एक्स्प्रेसने जाऊ-येऊ लागली, तेव्हा पहाटेच्या बसने तिच्याबरोबर नाशिकरोडला जाऊन तिला गाडीत बसवून परत येणारे सर मी कितीदा पाहिलेत. डब्यात तिच्या ओळखीच्या बायका झाल्या तेव्हाच थांबले. शाळेची घंटा मात्र एकदाही चुकवली नाही. पोरगी शिकलीय, एकटी जाईल की, असं लोक म्हणायचे. सर म्हणायचे, "जाईल ना. मलाच करमत नाही."

काकू पुढे पुढे अंथरुणालाच खिळल्या. त्या गेल्या त्या दिवशीसुद्धा सरांनी त्यांची वेणी घातली होती, असं वाड्यातल्या बायका सांगायच्या.

2008 च्या सप्टेंबरात गंगेला तो पूर आला. पाणी ओसरल्यावर सगळं गाव असतं तसा मीही घाटावर चिखल बघायला गेलो. दुतोंड्या मारुतीसमोर सर उभे, धोतर खोचलेलं, बोट धरून नात. तिला सांगत होते, मारुतीच्या गुडघ्याला पाणी म्हणजे काय, कमरेला म्हणजे काय, गळ्याला आलं म्हणजे कोणत्या गल्लीपर्यंत शिरणार. 1969 चा पूर सांगताना त्यांनी हात डोक्याच्या वर नेला. नात म्हणाली, "आबा, तुम्ही बुडला नाहीत?" सर म्हणाले, "तुझ्या आजीनं मला पाण्याकडे सोडलंच नाही." आता रामकुंडाच्या बाजूला किती काँक्रीट झालं, ते बघून सर काय म्हणाले असते? बरं झालं, म्हणायला नाहीत. शाळेतही परवा जाऊन आलो. प्रत्येक वर्गात मोठा पडदा आहे, बोट लावलं की जगाचा नकाशा फिरतो. चांगलंच आहे. तो जुना तेलकट नकाशा कुठे गेला म्हणून विचारलं, तर कोणालाच माहीत नव्हतं.

स्वतःबद्दलही लिहा, असं पत्रात आहे. अंबडला स्वतःचं युनिट आहे, दोन सीएनसी मशिनं, बावीस माणसं. थोरला पुण्याला. ठीक चाललंय.

युनिट सुरू केलं तेव्हा पेढे घेऊन सकाळीच सरांकडे गेलो होतो. सर खूप थकले होते, हात कापायचा. नात पाटावर बसलेली, गणवेश घातलेला, शेजारी पांढऱ्या रिबिनी. एक वेणी झालेली, दुसरी अडलेली. आई गावाला गेलेली, आणि आबांच्या बोटांतून पदर निसटत होते. मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

"आलास? ये. हात धुतलेत ना?" सर म्हणाले. "मग हा मधला धर. घट्ट नको, तिला दुखतं."

मी धरला. खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

"आबा, लवकर!"

"झालं गं, झालं," सर म्हणाले, आणि मला हळूच, "सोडू नकोस."