अ‍ॅस्पेनच्या हिरवळीवर सापडलेला अंतरा

बागेश्री रागातल्या एका बंदिशीची स्थायी, म्हणजे पहिला भाग, मी दोन वर्षांपूर्वी बांधली. मध्यलय तीनताल, नवव्या मात्रेवरून उठणारा मुखडा, शब्दही मनासारखे जमलेले. पुढचा भाग, अंतरा, मात्र काही केल्या होईना. मध्यमावरून निघायचं, धैवत-निषाद ओलांडायचे आणि थेट तार षड्जावर, वरच्या ‘सा’वर, जाऊन बसायचं. जो सुचे तो असाच, आधी कुठेतरी ऐकलेला. इथे अमेरिकेत, डेन्व्हरला, शनिवारी माझ्याकडे आठ-दहा मुलं गाणं शिकायला येतात. त्यांना ती बंदीश शिकवायचं मी टाळतच आले होते.

यंदा जुलैत आम्ही अ‍ॅस्पेनला गेलो. डेन्व्हरहून निघालं की लेडव्हिलनंतर इंडिपेन्डन्स पासचा घाट लागतो. माथा १२,०९५ फुटांवर, हिवाळ्यात रस्ता बंदच असतो. जुलै असूनही कडेच्या घळींत बर्फ होतं. लेकीने गाडी थांबवायला लावली आणि आम्ही तिथेच, वाऱ्यात कुडकुडत, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

अ‍ॅस्पेन हे मूळचं चांदीच्या खाणींचं गाव. १८९३मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि गाव ओस पडत गेलं. पुढे १९४९मध्ये, जर्मन कवी गटेच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून, शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेप्के यांनी इथे मोठा सोहळा भरवला. त्यासाठी वास्तुरचनाकार एरो सारिनेन यांनी एक भलामोठा तंबू उभारला, डॉक्टर आणि विचारवंत अल्बर्ट श्वाइट्झर भाषणाला आले. त्यातूनच आजचा संगीत महोत्सव सुरू झाला. दर उन्हाळ्यात आठ आठवडे शेकडो तरुण वादक इथे येऊन राहतात, शिकतात आणि वाजवतात. आताचा पांढरा तंबू २००० सालचा. आत दोन हजारांवर माणसं बसतात, पण मला आवडली ती बाहेरची हिरवळ. तिथे तिकीट नाही. सतरंजी अंथरायची आणि ऐकायचं. मिरजेच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेला मी लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून अशीच ऐकत पडायचे.

रविवारी सकाळी ऑर्केस्ट्राची तालीम होती. रचना कुठली, ते मी मुद्दामच पाहिलं नाही. थोडा वेळ ऐकलं आणि पाय मोकळे करायला मागच्या झाडीकडे गेले. तिथे एका दगडावर एक मुलगी एकटीच ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवत बसली होती. विशीचीही नसेल.

ती चारच स्वर वाजवत होती. तिसऱ्या स्वरावर थांबायची, ओबोच्या तोंडाची पत्ती काढायची, उजेडात धरून बघायची, छोट्याशा सुरीने तिचं टोक खरवडायची. पुन्हा पाण्याच्या डबीत बुडवायची, पुन्हा लावायची, पुन्हा तेच चार स्वर. ओबोची पत्ती आपल्या सनईसारखीच दुहेरी असते. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, इथली हवा विरळ आणि कोरडी, घरून आणलेल्या पत्त्या इथे बोलतच नाहीत. आल्यापासून ती रोज खरवडत होती.

मी तिथून हललेच नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी बाबांबरोबर माझा तंबोरा आणायला गेले होते, तेव्हा कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. दोनदा घासायचं, तार छेडायची, तारेखालचं सूत केसभर सरकवायचं, मान हलवायची, पुन्हा कानस. दोन तास चाललं होतं ते. बाबा दोनदा चहा पिऊन आले. आणि मग एकदम तारेतून तो भरलेला, गुंजणारा सूर निघाला. आजही आठवला की अंगावर काटा येतो. तोच तंबोरा डेन्व्हरच्या कोरड्या हवेत पहिल्याच हिवाळ्यात रुसला. जवारी, म्हणजे तारेची ती गुंज, गेली, भोपळ्याला बारीक चीर पडली. मी खोळ घालून तो कोपऱ्यात ठेवला आणि फोनमधल्या तंबोऱ्यावर गाऊ लागले.

त्या मुलीचा चौथा स्वर वरचा होता. ती दर वेळी तिसऱ्यावर इतकी रेंगाळायची की चौथ्याची ओढ लागायची. पत्ती बोलते की नाही ते तपासायला ती थांबत होती, पण मला मात्र त्या थांबण्यातच माझा अंतरा दिसला. तार षड्जाची एवढी घाई मला कशासाठी होती? धनिधम करत खाली यावं, पुन्हा निषादापर्यंत जावं, पुन्हा परतावं. बागेश्रीत तेच तर सुख आहे.

शब्द झाडांनी दिले. अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाच्या पानाचा देठ चपटा असतो, त्यामुळे वारा जाणवतही नाही तेव्हा पानं थरथरत असतात, अगदी पिंपळासारखी. आमच्या मिरजेच्या घरामागे पिंपळ होता. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं की रात्रभर त्याची सळसळ ऐकू यायची. ‘पात पात जागत रैन’ ही ओळ तिथेच, उभ्या उभ्या आली. दुसरी ओळ सतरंजीवर बसून लिहिली, लेकीच्या चित्रकलेच्या वहीत, तिच्या डोंगराच्या चित्राखाली. तार षड्ज आता त्या दुसऱ्या ओळीच्या अगदी शेवटी येतो, तोही स्पर्शापुरता, आणि लगेच मुखडा.

दुपारी ढग आले, गडगडलं, सरी कोसळल्या. सगळे तंबूच्या आडोशाला धावले. मी वही पोटाशी धरून गुणगुणत उभी होते.

घरी आल्यावर आधी तंबोऱ्याची खोळ काढली. मिरजेला व्हिडिओ कॉल लावला आणि कारागिरांच्या नातवाने सांगितलं तशी सुतं बदलली, रोज थोडी थोडी सरकवून पाहिली. चौथ्या दिवशी खर्जाची तार बोलली. चीर आहे तशीच आहे, तिचं काम मिरजेलाच होईल. त्या रात्री तंबोऱ्यावर पूर्ण बंदीश गायले आणि गुरुजींना पाठवली. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. सकाळी त्यांचा उलट निरोप आला, ‘अंतरा चांगला आहे गं. निषादावर अजून थांब.’