सहावा बोकड

दुर्बिणीची काच शर्टाला पुसून पुन्हा मोजले. पाचच.

2012 चा नोव्हेंबर, सकाळचे साडेआठ, आणि इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा तो तिरपा पाऊस, छत्री असून नसल्यासारखी. एव्हन नदीच्या घळीला लागून डाउन्स नावाचं मोठं मोकळं माळरान आहे. 1861 च्या कायद्याने ते कायमचं लोकांसाठी राखलेलं. त्याच्या कडेच्या एका खोल ओहळीला कुंपण घालून 2011 मध्ये काश्मिरी जातीचे सहा बोकड सोडले होते, वेल्समधल्या ग्रेट ऑर्म डोंगरावरून आणलेले. आम्हा स्वयंसेवकांचं काम एवढंच : डोकी मोजायची, कोणी लंगडतंय का बघायचं, कुंपणाच्या कडेने चक्कर मारायची. ओहळीच्या काठावर उभं राहून दुर्बिणीतून शेळ्या राखणं म्हणजे शब्दशः उंटावरून शेळ्या हाकणं. फक्त उंट नव्हता.

शेळ्या कशाला, तर इथली चराई थांबली आणि चुनखडीच्या कातळावर झुडपं माजली. ब्लॅकबेरीची काटेरी जाळी, आयव्ही, बाहेरून आलेला होम ओक. त्यांच्या सावलीत ब्रिस्टल ओनियनसारख्या दुर्मीळ वनस्पती गुदमरतात. हा रानकांदा ब्रिटनच्या मुख्य बेटावर फक्त याच घळीत उगवतो. असल्या कड्यावर माणसाला दोर बांधून कोयता चालवावा लागतो. बोकड नुसता चालत जातो.

मला हे पचायला वेळ लागला होता. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. तिथे चराईबंदी आली तेव्हा आजीने सात शेळ्या काष्टीच्या बाजारात नेऊन विकल्या आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. डोंगर हिरवा व्हायचा तर शेळी नको, हे मी शाळेत घोकलेलं. आणि इथे डोंगर वाचवायला शेळीच आणलेली!

तर सहावा नव्हता. घळीच्या तळाशी पोर्टवे, भरधाव गाड्यांचा रस्ता. तो कुंपणाबाहेर गेला असेल तर काय, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. माझ्या जोडीला एक निवृत्त शिक्षिका होत्या. "तुम्ही वरच्या बाजूने जा, मी फाटकं बघते," म्हणाल्या आणि निघाल्या. फाटकं बंद होती. तारही कुठे वाकलेली नव्हती. कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थांना विचारलं, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. तासभर गेला. बुटांत पाणी.

मग आजीच आठवली. शेळीच्या अंगाला मेंढीसारखं तेल नसतं, पाऊस तिला अजिबात सोसत नाही. माळावर आभाळ भरून आलं की आजीच्या आधी शेळ्यांना कळायचं, आणि त्या वाऱ्याची पाठ धरून आडोशाला पळायच्या. आम्ही मात्र उघड्या उतारावर शोधत होतो. वारा नदीकडून येत होता, म्हणून मी उलट बाजूच्या कपारीवर दुर्बीण लावली.

पुढे आलेल्या कातळाखाली, अगदी कोरडाठाक, महाराज आयव्ही चघळत उभे.

मला राहवलं नाही. आजी घालायची तशी "अर्रर्र यूऽऽ यूऽऽ" हाळी घातली. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बाई मात्र दचकून माझ्याकडे बघत राहिल्या. वहीत लिहिलं : सहा, सगळे ठीक.

रात्री आजीला फोन लावला.

"दूध किती देत्यात?"

"बोकडं हायेत आजी."

"मंग इकायला?"

"इकत न्हाईत."

"आन् राखायला कितीजण?"

आम्ही पाळीपाळीने बरेच जण जातो, म्हटलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"पगार?"

"न्हाई."

"फोन तुझ्या आयकडं देते," आजी म्हणाली.