मालकांचं साडेतीनचं ताट

कोल्हापुरात खानावळ चालवून संसार केलेला गेल्या पिढीतला माणूस आठवायचा, तर गल्ल्यावर बसलेला आठवू नये. साडेतीन वाजता स्वतःच्या ताटावर बसलेला आठवावा. शेवटचं गिऱ्हाईक बडीशेप तोंडात टाकून बाहेर पडलं, की मालक जेवायला बसायचे. ताटात मटण क्वचितच. पिठलं-भाकरी, नाहीतर दहीभात आणि कडेला खर्डा. नवख्या पोऱ्याला वाटायचं, मालकांना आपल्याच हातचं आवडत नाही की काय. खरं कारण साधं होतं. सकाळपासून डाव्या हाताच्या पंजावर थेंब थेंब घेऊन मीठ-तिखट चाखलेलं, नाकात फोडणी बसलेली. त्याच वासाचा घास मग उतरत नाही. कुठल्याही आचाऱ्याला विचारा.

त्यांचा दिवस अळणीपासून सुरू व्हायचा. मटण धुवून त्याला आलं-लसूण, मीठ आणि चिमूटभरच हळद. हळदीचा हात सैल सुटला तर पुढे पांढरा रस्सा पिवळट दिसतो, आणि पिवळा पांढरा रस्सा कुणी वाटीत घेत नाही. पातेल्यावर खोलगट झाकण, झाकणात पाणी. आतलं मटण आपल्या सुटलेल्या पाण्यात शिजतं, वरचं पाणी तापतं आणि लागेल तसं तेच आत जातं. गार पाणी घातलं की मटण आखडतं. मऊ झालं की मटण शिजलेलं पाणी, म्हणजे अळणी, काढून घ्यायचं. अर्धं पांढऱ्याला, अर्धं तांबड्याला.

हात दिसतो तो पांढऱ्यात. लिटरभर अळणीला एका नारळाचं घट्ट दूध, दोन चमचे खसखस, तेवढेच पांढरे तीळ, दहा-बारा काजू. खसखस गरम पाण्यात अर्धा तास भिजलीच पाहिजे, नाहीतर वाटण कितीही फिरवलं तरी जिभेला कचकचतं. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडा, मिरे. त्यावर वाटण, मग अळणी, आणि उकळी आली की आच बारीक करून सगळ्यात शेवटी नारळाचं दूध. दूध पडल्यावर खळखळून उकळी आली, तर रस्सा फुटतो आणि फुटलेला रस्सा परत जुळत नाही. म्हणून जाणता मालक बाराच्या गर्दीसाठी सगळ्या रश्शाला एकदम दूध लावत नसे. वाटणाचा रस्सा एका पातेल्यात तयार, दूध वेगळं, आणि लागेल तसं तीन-चार लिटरला लावायचं. मध्ये मध्ये बुडापासून डाव फिरवायचा, कारण काजू-खसखस खाली बसते आणि लागते.

तांबड्याचा जीव त्याच्या तवंगात. चटणी, म्हणजे घरचं कांदा-लसणाचं तिखट, कडकडीत तेलात पडली की काळी होते आणि रस्सा कडवट लागतो. म्हणून कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, आच कमी करून चटणी घालायची आणि लगेच वर डावभर अळणी. अडीच वाजता गर्दी वाढली म्हणून रस्सा वाढवायचा झाला, तर पाणी उकळतंच हवं. गार पाण्याने तवंग बसतो आणि दुसरी वाटी मागणारं गिऱ्हाईक न बोलता ओळखतं. बाहेरगावी ‘कोल्हापुरी’ म्हणून जो नुसता जाळ मिळतो, तो इथल्या कुठल्याही मालकाने परत पाठवला असता.

रस्सा हवा तेवढा आणि मटण मोजून, हा खानावळीचा हिशेब. किलोचे पाच ताट धरले तरी नफा मटणात फारसा नसतो. अळणी तर मटणाबरोबर आयतंच मिळतं, त्यामुळे वाटीमागून वाटी वाढायला जड जात नाही. “पावणं, अजून घालू काय?” हे विचारणं अगत्याचं, आणि परवडणारंही.

ज्या गावात १९०१ साली शाहू महाराजांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं आणि मग ज्ञातीज्ञातींची बोर्डिंगं उभी राहिली, तिथे खेड्यातून आलेल्या पोरांना वाढणं जुनंच. १९६२ला विद्यापीठ आल्यावर महिन्याच्या जेवणावर बसणारी पोरं वाढली. आणि कोण कुणाच्या हातचं खातो हा प्रश्न या गावात चहाच्या कपातून सुटायला लागला होता: तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा घ्यायला थांबत. मालकांच्या उधारीच्या वहीत त्यामुळे आडनावांपेक्षा गावांची नावं जास्त. गारगोटीचा, शाहूवाडीचा, चंदगडचा.

घरी मात्र हा माणूस अवघड. मालकीणबाई आजारी पडल्या, की चार माणसांची आमटी करताना त्यांचा अंदाज हमखास चुकायचा. चाळीस जणांच्या मापाला दहाने भागून चालत नाही. लहान पातेल्यातलं पाणी त्या मानाने लवकर आटतं, म्हणजे पाणी जरा जास्त आणि मीठ शेवटी चाखून. मोठ्या पातेल्यात खडा मसाला हिशेबापेक्षा कमीच पुरतो. हे त्यांना पोऱ्याला सांगता यायचं, स्वतःच्या चुलीपुढे सुचायचं नाही. आमटी रात्रीही उरायची. मुलं वैतागायची.

लग्नसराईत नातेवाइकांकडे ते अक्षतांपुरते. तेवढ्यातही मांडवातून नजर फिरवून, भात कमी पडणार की नाही ते सांगून जायचे. रविवार-बुधवार हातघाई, सोमवारी-शनिवारी सैल. आखाडात तर श्वास घ्यायला सवड नाही. श्रावण लागला की मटणाचं पातेलं उपडं, आणि मग डॉक्टर, भांड्यांची कल्हई, मुलांच्या वह्या, भिंतीची ओल, सगळं त्या महिन्यात. पाय दुखतात हेसुद्धा श्रावणातच बोलायचे. सगळं घर एका पंगतीला बसायचं तेही तेव्हाच. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी, उपासाचं नि बिनकांद्याचं विचारणारे, पुन्हा धावपळ.

घर आणि धंदा एकत्र यायचा तो उन्हाळ्यात, चटणीला. एक किलो मिरची, त्यात रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी निम्मी-निम्मी. अर्धा किलो कांदा, पाव-पाव किलो लसूण, धणे, सुकं खोबरं आणि मीठ. तीळ आणि खडा मसाला वेगळा भाजून. कांदा उभा चिरून दोन-तीन दिवस कडक उन्हात, मगच तळायचा. ओल राहिली तर पावसाळ्यात बरणीला बुरशी. डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, न्यायचं काम मुलांकडे, शिंका सगळ्यांना.

आता पुढची पिढी हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलेली आहे, ग्रॅममध्ये मोजते, आणि ते चांगलंच आहे. उधारी आणि फाजील मटण दोन्ही कमी झालं. फक्त चटणीचं माप वहीतून जसंच्या तसं घेता येत नाही. मिरची दरवर्षी सारखी नसते. नवी बरणी उघडली की पहिल्या पातेल्याला नेहमीच्या तीन डावांऐवजी दोनच घालायचे, अर्ध्या तासाने चाखायचं, आणि तिसऱ्याचं तेव्हा ठरवायचं.