तुम्ही विचारलंत म्हणून: इस्मत कुठून वाचायची?

उर्दू लेखिका इस्मत चुगताईंविषयी कुठेही बोलले, की हमखास कुणीतरी विचारतं, "त्यांची ‘लिहाफ’ ही कथा वाचलीय, आता पुढे काय वाचू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘चौथी का जोड़ा’, म्हणजे लग्नानंतरच्या चौथ्या दिवसाचा पोशाख, ही कथा. अजून काहीच वाचलं नसेल, तर सुरुवातही तिथूनच करा.

‘लिहाफ’ १९४२ साली लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’ मासिकात छापून आली. अश्लीलतेचा खटला भरला गेला. अश्लील शब्द नेमका कोणता, हे साक्षीदारांना धड सांगता येईना, आणि इस्मतआपा सुटल्या. पण ती एक कथा त्यांना जन्मभर चिकटली, बाकीचं लेखन तिच्याखाली दबलं. ही खंत त्यांनी आत्मकथनात लिहून ठेवलीय.

‘चौथी का जोड़ा’मधली कुब्राची आई कापड बेतण्यात पटाईत. मोहल्ल्यात कुणाला कापड कमी पडलं, की बायका तिच्याकडे येतात. ती मापं घेते, मनाशी हिशेब करते आणि सगळ्यांनी नाद सोडलेल्या तुकड्यातून कपडा काढून देते. थोरल्या लेकीचं लग्न तेवढं जमत नाही. अशात मामाचा मुलगा राहत पोलिसाच्या ट्रेनिंगसाठी येऊन उतरतो. दागिने विकून त्याला पराठे, कोफ्ते खाऊ घातले जातात. घरातल्यांनी कोरडे घास गिळायचे. कुब्रा त्याच्यासमोर न येता त्याचा स्वेटर विणते. त्याला बोलतं करायला कुब्राच्या धाकट्या बहिणीला, हमीदाला, पुढे करतात, आणि करणाऱ्या घरच्याच बायका असतात. हे मला प्रत्येक वाचनात सहन होत नाही. राहत खाऊनपिऊन, हमीदाला ओरबाडून, दुसरीकडे ठरलेल्या लग्नाला निघून जातो. कुब्रा क्षयाने मरते. आई पुन्हा कापड बेतायला बसते, या वेळी कफनाचं.

लेखिका मध्ये येऊन एकदाही हळहळत नाही. मुलगी ‘खपवण्याची’ घाई आणि त्यापायी घर धुऊन निघणं, हे समजायला मराठी वाचकाला तळटीप लागू नये.

इस्मतआपांचा जन्म १९१५चा, बदायूंचा. घरच्यांशी भांडून शिकल्या. मुंबईत आल्या त्या शाळा तपासनीस म्हणून, आणि इथल्याच झाल्या. पती शाहिद लतीफ यांच्याबरोबर सिनेमे केले. ‘गर्म हवा’ची मूळ कथाही त्यांचीच. १९९१मध्ये मुंबईतच गेल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे चंदनवाडी स्मशानभूमीत दहन झालं.

उर्दू लिपी येत नाही म्हणून अडून राहू नका, देवनागरीत त्यांची पुस्तकं मिळतात. मोठ्याने वाचा, ही माजघरातल्या बायकांची बोली आहे, कानाला लवकर कळते. कथेनंतर ‘दोज़ख़ी’ घ्या, थोरले भाऊ अज़ीम बेग यांच्यावरचा मृत्युलेख. मेलेल्या भावाला नरकवासी म्हणणारी ही कसली बहीण, असं लेखक सआदत हसन मंटोंच्या बहिणीला वाटलं होतं. मंटो तिला म्हणाले, माझ्यावर असं लिहिणार असशील तर मी आज मरायला तयार आहे. मग ‘टेढ़ी लकीर’. ती कादंबरी मोठी आहे, सवडीने वाचा, पण नायिका शम्मनचं बालपण संपेपर्यंत खाली ठेवू नका.