बारदान आलं, गूळ नाही

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील एका गूळ अडत्याच्या पेढीसाठी मी फ्लास्क हे पायथॉनचे वेब फ्रेमवर्क वापरून एक लहानसे वेब ॲप लिहिले आहे. त्यातून शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पट्ट्या सीएसव्ही फाईलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) डाउनलोड करता येतात. दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटली, आवक वाढली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात दिवाणजींचा फोन आला : "साहेब, बारदान आलंय, पण आत गूळच न्हाई." फाईलचे नाव बरोबर होते, आकार मात्र शून्य बाइट.

लॉगमध्ये एकही एरर नव्हती आणि स्टेटस 200, म्हणजे 'सगळे ठीक', होता, त्यामुळे मी आधी दिवाणजींच्या ब्राउझरवर, मग ॲपच्या पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर आणि शेवटी डेटाबेसच्या क्वेरीवर संशय घेत अख्खी संध्याकाळ घालवली. सर्व्हरवर बसून कर्ल या कमांडने, एनजिनएक्सला वगळून, थेट गुनिकॉर्नच्या (ॲप चालवणाऱ्या सर्व्हरच्या) पोर्टला विनंती पाठवली, तेव्हा कंटेंट-लेंग्थ, म्हणजे उत्तराची लांबी, शून्यच आली आणि एनजिनएक्स सुटला. दोन मिनिटांची ही चाचणी सर्वांत आधी करायला हवी होती.

दोष माझ्याच एका 'सुधारणे'त होता. पूर्वी मी स्ट्रिंगआयओमध्ये (मेमरीतच राहणाऱ्या, फाईलसारख्या बफरमध्ये) ओळी लिहून झाल्यावर गेटव्हॅल्यू() ने सगळा मजकूर घेत असे. पुढे खरी फाईलही त्याच फंक्शनला देता यावी म्हणून त्याजागी रीड() घातले. गेटव्हॅल्यू() बफरमधील कर्सर कोठे आहे हे पाहत नाही, रीड() मात्र कर्सर जेथे असेल तेथून पुढचेच वाचते, आणि लिहिणे संपल्यावर कर्सर शेवटाला असतो. रीड() च्या आधी कर्सरची जागा सांगणारे टेल() छापून पाहिले तर 4312, आणि मजकुराची एकूण लांबीही 4312. पुढे वाचायला काही उरलेच नव्हते, आणि रिकामी स्ट्रिंग परत करणे पायथॉनच्या लेखी चूक नसल्यामुळे कोणीच तक्रार केली नाही. कर्सर पुन्हा सुरुवातीला नेणारी सीक(0) ही एक ओळ रीड() च्या आधी घातली आणि पट्ट्या उतरू लागल्या.

मोठ्या खतावणीसाठी तात्पुरती फाईल वापरली, तेथे याच दुखण्याचा दुसरा प्रकार भेटला. फाईल बंद करण्याआधीच मी तिचा पाथ सेंड_फाईल या फ्लास्कच्या फाईल पाठवणाऱ्या फंक्शनला देत होतो. लिहिलेला मजकूर आधी मेमरीतील बफरमध्ये साठतो, आणि माझ्या सर्व्हरवर तो बफर 8192 बाइटचा आहे; त्यामुळे लहान खतावणी शून्य बाइटची येई आणि मोठीच्या शेवटच्या ओळी गायब असत. विथ ब्लॉक संपला की फाईल बंद होते आणि बफरमधील मजकूर तिच्यात उतरतो; त्यानंतर फाईल पाठवली की हे थांबते. माझ्या मते दुसरा प्रकार अधिक घातक, कारण अर्धी फाईल उघडणाऱ्याला ती पूर्णच वाटते.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींचा पुन्हा फोन आला. आता आकडे दिसत होते, पण एक्सेलमध्ये शेतकऱ्यांच्या नावांची अक्षरे विचित्र उमटत होती. एन्कोडिंग यूटीएफ-8-सिग केले; ते फाईलच्या सुरुवातीला एक खूण लिहिते, आणि तिच्यावरून एक्सेलला फाईल यूटीएफ-8 मध्ये असल्याचे कळते.